रोहितच्या वाट्याची सव्वा मूठ

ललित आमच्या समोरच राहतो. मी दिवसभर उंबऱ्यात बसून साड्यांचे सुटलेले दोरे कापते, म्हणजे हात कात्रीवर आणि डोळे त्याच्या दारावर. पोरगा चौतिशीला आला, अजून लग्न नाही. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवायला आहे. पार्टीने दिलेला नमुना आणि ताग्याचा रंग यांत केसाएवढा फरक असला तरी याच्या डोळ्याला दिसतो. माणसांतला फरक मात्र कधी दिसला नाही त्याला. ते पुढे येईलच.

स्थळं यायची पूर्वी. ललित मुलीच्या बापाला सरळ सांगायचा, "मी बॅन्डमध्ये आहे." बाप खूश. "वरातीचे किती घेता?" ललित म्हणायचा, आम्ही वरातीत वाजवत नाही. मग बाप अर्धा चहा तसाच ठेवून उठायचा. अशी तीन स्थळं मी स्वतःच्या डोळ्यांनी गेलेली पाहिली आहेत. तीन अर्धे चहा त्याच्या आईने, उषाबाईंनी, मोरीत ओतले.

बॅन्डचं नाव 'सेकंड माल'. कापडात डाग राहिला, धागा तुटला की तो तागा सेकंडमध्ये जातो, त्यावरून. बॅन्डमध्ये तिघेच. गायला आणि गिटारला रोहित, ड्रमला कतारगामचा चेतन, आणि मागे उभा राहून जाड तारांची गिटार वाजवणारा आमचा ललित. तिला बेस म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा विचारलं होतं, "लल्या, तुझी बिघडलीय का रे? नुसती घुमतेय." तो हसला. म्हणाला, "मावशी, ती ऐकायची नसते, पोटात लागली पाहिजे."

सराव उषाबाईंच्याच पुढच्या खोलीत व्हायचा. का, तर अख्ख्या गल्लीत तक्रार न करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे ललितचे वडील सुकलालभाऊ. पारोळ्याकडून आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढले, आणि एकतीस वर्षांनी उतरले ते कान तिथेच ठेवून. पोरं वाजवायला लागली की सुकलालभाऊ खुर्ची ओढून त्या मोठ्या स्पीकरजवळ बसायचे आणि त्यावर तळहात ठेवायचे. हाताने ऐकायचे. चूक झाली तर हात उचलायचे. चेतन तर घाबरायचाच त्यांच्या हाताला.

आता रोहित. अडाजणचा. वडील अरविंदराव बँकेत मोठे साहेब, आई सुधाताई शाळेत शिकवतात. घरात कांदासुद्धा सुरीने कापतात, विळीने नाही. दिसायला गोरागोमटा, बोलायला साखर. मला 'सुवर्णामावशी, तुमच्याशिवाय गल्ली सुनी' म्हणायचा. मीही विरघळायचे, खोटं कशाला बोलू.

हा रोहित या घरातला भाऊ झाला तो एका चुकीमुळे. अकरा वर्षांपूर्वी, श्रावणात, कानबाईच्या दिवसांत. आम्ही खान्देशी लोक सुरतेत आलो तसं कानबाईलाही घेऊन आलो. तिच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचे, ते वेगळे दळायचे आणि त्याचे रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. मी समोर राहते, पंचवीस वर्षांची मैत्री, तरी मला नाही. आणि हे अडाजणचं लेकरू सरावाला आलं, भूक लागली, ताटातला रोट उचलून गुळाबरोबर खाऊन मोकळं! वर म्हणतं, "काकू, जरा जाड झालीय पोळी."

उषाबाईंच्या जावा धावून आल्या. एक म्हणाली, देवी कोपेल. दुसरी म्हणाली, पोराला ओकायला लावा. उषाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं, कोठीतून सव्वा मूठ गहू काढले आणि रोहितचं नाव घेऊन देवीपुढे ठेवले. "आते तो घरना शे," म्हणाल्या, म्हणजे आता तो घरचाच आंडोर, घरचाच मुलगा. "घरना आंडोरनी घरना रोट खाधा. कोनले काय म्हनानं शे?"

त्या वर्षापासून दर श्रावणात तीन मुठी. सुकलाल, ललित, रोहित. रोहितला यातलं किती कळलं देव जाणे. त्याला वाटलं, काकूंना आपण आवडतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. माझी स्नेहा फोन घेऊन आली. "आई, रोहितदादाचा अल्बम आला! एकट्याचा!" वेसूच्या कुठल्याशा कॅफेत रोहित काळ्या शर्टात उभा, मागे त्याचाच माणसाएवढा फोटो, त्यावर अल्बमचं नाव: 'स्वतः'. मी म्हटलं, हे तर आपल्याला ठाऊक असायला हवं होतं! आणि मला ठाऊक नाही म्हणजे ललितलाही नाही. कात्री टाकली, फोन उचलला आणि गेले समोर. लोक म्हणतात मी आग लावायला गेले. मी पेढे मागायला गेले होते. थोडी गंमतही बघायची होती, तेवढं कबूल.

ललित पहिल्या पाळीवरून येऊन जेवायला बसला होता. फोन बघितला. हसला. "भारी," म्हणाला. "काढला साल्याने." मग पडद्यावर मागे ड्रमवर चेतन दिसला आणि घास तसाच राहिला. चेतन आदल्याच रविवारी याच खोलीत वाजवून, याच ताटात जेवून गेला होता. एक शब्द बोलला नव्हता.

"गाणं लाव," ललित म्हणाला.

स्नेहाने पहिलं गाणं लावलं आणि फोन ललितच्या त्या मोठ्या स्पीकरला जोडला. सुकलालभाऊंनी सवयीने खुर्ची ओढली, तळहात ठेवला. आधी काही नाही. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. हात उचलला नाही, उलट दुसराही ठेवला.

"हाई ते मना चौदा नंबर शे!" ते मोठ्याने म्हणाले. बहिरा माणूस मोठ्यानेच बोलतो.

चौदा नंबर म्हणजे त्यांचा लूम. प्रत्येक लूमची चाल वेगळी असते म्हणतात. सुकलालभाऊंचा चौदा नंबर लंगडा होता. तीन ठोके सरळ आणि चौथा जरा अडखळून, जसा कोणी पायरी चुकतो. लहानपणी ललित डबा द्यायला जायचा तेव्हा तो ऐकत उभा राहायचा. कोरोनानंतर मालकाने लूम भंगारात काढले, त्यात चौदा नंबरही गेला. तेव्हा ललितने ती चाल बेसवर बसवली. तीन सरळ, एक अडखळून. सहा वर्षांत फक्त या खोलीत वाजवली. रोहित कितीदा म्हणाला स्टेजवर घेऊ या; ललित म्हणायचा, "बाबा समोर बसलेले असतील त्या दिवशी." रोहितने सरावात ती फोनवर भरून घेतली होती. आठवणीसाठी, म्हणाला होता.

सुकलालभाऊ अजून हात ठेवूनच होते. "पन कोनी तरी त्याले रिपेर करं," म्हणाले. "लंगडत नही शे आते."

स्टुडिओत कॉम्प्युटरवर चौथा ठोका सरळ करून टाकला होता. आणि खाली नाव होतं: संगीत, रोहित. ललितचं नाव शोधायला स्नेहाने खालीवर खूप सरकवलं. चहावाल्याचे, फोटोवाल्याचे, केस कापणाऱ्याचेसुद्धा आभार होते.

ललितने तिथेच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मी उठले नाही. का उठावं?

"अरे, मी तुला सांगणारच होतो," रोहित म्हणाला. आवाजात नुसती साखर. "सरप्राइज होतं."

"चौदा नंबर माझा आहे, रोहित."

"कुठला चौदा नंबर? ती बेसलाइन? यार, बेसलाइनवर कोणी नाव लावतं का? गाणं तर माझं आहे."

"बाबांचा लूम आहे तो."

"बरं, काकांचे आभार पुढच्या वेळी नक्की." मग जरा थांबून, दुखावल्यासारखा, "ललित, आपण भाऊ ना? भावाभावांत कसलं तुझं-माझं? काकूच म्हणतात ना, मी घरचा."

ललितने फोन ठेवला. भात गार झाला होता, तो त्याने शेवटपर्यंत खाल्ला. तेवढं मला बघवलं नाही, मी घरी आले. मी मध्येच उठून आले, हे गल्लीत कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

चेतन दोन दिवसांनी येऊन गेला. दारातच उभा. "मला बोलू नको म्हणाला होता रोहित." ललित म्हणाला, "मग आत्ता का बोलतोस?" बस्स. सराव बंद झाला. रविवारी गल्ली इतकी शांत, की शेजारच्या प्रवीणच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. तक्रार करणारेच विचारायला लागले, पोरं आजारी आहेत का?

श्रावण आला. रोटांचे गहू मोजायचा दिवस. मी मदतीला नाही, नुसती बघायला, उंबऱ्याबाहेर. उषाबाईंनी पहिली मूठ घेतली, "सुकलाल." दुसरी, "ललित." तिसरीला हात कोठीत गेला.

"माय, राहू दे," ललित म्हणाला. "तो आपला नही शे."

"नाव एकदाव पडनं म्हनजे पुसाई जात नही."

"मग?"

"दोनच वाटा शेतस. मानूस मरना, नहीतर येगळा निंघना." उषाबाई बोटांवर मोजत नव्हत्या, नुसत्या गव्हाकडे बघत होत्या. "भाऊ येगळा निंघना म्हनजे त्याना वाटाना गहू त्याना दारमा पोचाडाना. मंग त्यानी त्यानी कानबाई मांडो. तो म्हनस ना, भाऊ शे? मंग भाऊनागत येगळा काढ."

त्यांनी सव्वा मूठ मोजली, नाव घेतलं आणि ती देवीपुढे न ठेवता पांढऱ्या फडक्यात बांधली. आमच्यात असं फडकं दारात आलं की बायका आत जाऊन रडतात. मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा त्यानंतर भाऊ एकमेकांच्या मयतीलाच भेटले.

ललित दुपारी फडकं घेऊन अडाजणला गेला. मोटारसायकलवर, एक हात फडक्यावर. परत आला तेव्हा मी विचारलंच, "काय म्हणाला?"

"खूश झाला."

"म्हणजे?"

"मला मिठी मारली. म्हणाला, काकूंनी माफ केलं. प्रसाद पाठवला."

संध्याकाळी स्नेहाने फोन दाखवला. सुधाताईंच्या पितळी वाटीत आमचे गहू, बाजूला गिटार, आणि खाली रोहितने लिहिलेलं: 'नव्या प्रवासाला माझ्या दुसऱ्या आईचा आशीर्वाद.' त्याखाली आमच्या खान्देशी पोरांची रांग. एकाने लिहिलं, 'भाऊ, वाटणी मिळाल्याबद्दल अभिनंदन.' दुसऱ्याने, 'आता कानबाई कुठे मांडतोस?' रोहितने प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. मी हसून हसून कात्री पाडली. अकरा वर्षं रोट खाल्ले आणि गहू ओळखता आले नाहीत!

हसत हसतच समोर गेले. ललित ओट्यावर बसला होता. त्याने पोस्ट आधीच पाहिली होती. रोहितचा निरोपही आला होता, तो त्याने मला वाचायला दिला. 'काकूंना सांग, आईने त्या गव्हाची खीर केली. मस्त झाली.'

"अरे मग सांग ना त्याला अर्थ!" मी म्हटलं. "थोबाड बघण्यासारखं होईल मेल्याचं. नाहीतर मी सांगते, दे फोन."

"नको, मावशी."

"का नको?"

"आपल्यातल्या गोष्टी भावाला सांगायच्या असतात," तो म्हणाला, आणि फोन खिशात घातला.

मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसले.

आत उषाबाई रोट भाजत होत्या. दोन मुठींचे. सुकलालभाऊंना कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर गल्लीभर ओरडावं लागलं असतं. ते दारात आले, ललितच्या खांद्याला हात लावला आणि बंद स्पीकरकडे बोट दाखवलं. रविवार होता ना.

ललित उठला. बेस काढली, वायर जोडली. एकट्याच बेसने खोली रिकामी वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. तीन ठोके सरळ, एक अडखळून. सुकलालभाऊंनी तळहात ठेवला आणि डोळे मिटले. काही वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि खोलीत बघितलं, रोहित जिथे उभा राहायचा तिथे, मग चेतनच्या जागी.

"पोऱ्या कथा गयात?" पोरं कुठे गेली म्हणून त्यांनी मोठ्याने विचारलं.

ललित वाजवत राहिला. उत्तर दिलं असतं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं.