बारा व्होल्टची मदत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी पुढचं सांगणार नाही!

त्या वर्षी लातूरला दुष्काळ होता. गल्लीत टँकर आठवड्यानं यायचा, अन् दारातला ड्रम तोवर पुरवायचा. शेजारची सुजाता आयटीआयमध्ये शिकवते. सासूला, म्हणजे शांताबाईंना, वाकता येत नाही म्हणून तिनं ड्रमात छोटा पंप सोडला होता. मुठीएवढी मोटर, सहा व्होल्टची बॅटरी, एक बटण. दाबलं की नळीतून घागरीत पाणी.

पण धार? करंगळीएवढी! ओट्यावर बसून बघताना माझाच जीव खालीवर व्हायचा.

"शांताबाई, मोटरीला खायला कमी पडायलंय बघा."

"भरती की घागर. घाई कुणाला हाय?"

मला होती ना!

आमचा फवारणीचा पंप घरात पडून होता. त्या साली फवारायला पीकच कुठं होतं? त्याची बॅटरी काढली. बारा व्होल्टची. मोटरीवरचा सहाचा आकडा वाचला होता हो मी, चौथी शिकलेय! पण मला वाटलं, सहा म्हणजे निदान सहा. माझं माहेर देवणीचं, बैलांसाठी नावाजलेलं. बैलाला दुप्पट पेंड घातली तर बैल नाराज होतो का?

सुजाता कामावर गेली, तशा मी वायरी थेट बॅटरीला जोडल्या. मधे बटण कशाला?

अगं बाई! घागर बघता बघता भरली. मी गल्लीत हाक दिली, "या गं, धार बघा!" बायका जमल्या. तेवढ्यात मोटर किंचाळायला लागली, नळीनं घागरीतून उडी मारली अन् अंगणभर पाणी!

"अगं बंद कर की!" शांताबाई ओरडल्या.

मी बटण दाबतेय, दाबतेय. त्याचा आता संबंध होता का काही? वायर उपटेस्तोवर जळका वास आला अन् मोटर गप्प.

आम्ही सगळ्या ड्रमात डोकावून हळहळत उभ्या. शेवटी शांताबाईच म्हणाल्या, "मोटर मेली, मग पाणी कसं कमी व्हायलंय?"

नळीचं तोंड खाली अंगणात पडलेलं. पाणी आपलं आपण वाहायलं होतं! नळी उचलेस्तोवर ड्रमाचा तळ दिसला.

संध्याकाळी सुजाता आली. रिकामा ड्रम बघून तिनं आधी जळकी मोटर बाहेर काढली. मग म्हणाली, "काकू, बॅटरी कितीबी मोठी चालते, जास्त वेळ टिकते. पण व्होल्ट मोटरीवर लिहिलाय तेवढाच लागतो. दुप्पट दिला की ती जीव खाऊन पळते, तापते अन् जळते."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"मला काय माहीत, तुम्ही मदत करणार म्हणून!"

आमच्या ड्रमातलं अर्धं पाणी मी त्यांना दिलं. तेवढी लाज आहे मला.

पुढच्या टँकरला सुजातानं नवी मोटर बसवली, अन् ड्रमाला कुलूप. पाणीचोरांच्या भीतीनं लावलं असेल, मी समजले. पण ती कामावर गेल्यावर शांताबाईंना ड्रम उघडून कोण देणार? किल्ली आमच्याच घरी ठेवली. मी हात पुढं केला, तर तिनं ती आमच्या मालकांच्या हातात दिली.

अन् मालकांनी, माझ्या देखत, करदोट्याला बांधली.