कूलरसमोरचं चित्र

आर्वीत मे महिन्याच्या भर दुपारी चित्रांचं प्रदर्शन ठेवणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर ड्रॉइंगचा मास्तर. आमचे हे दुसरे होते, आणि लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर माझ्या लेखी या दोन्हींत फारसा फरक उरला नव्हता. शाळेला सुट्टी मे महिन्यातच लागते आणि बसस्टँडजवळच्या वाचनालयाचा हॉल मे महिन्यातच रिकामा सापडतो, कारण त्या तापलेल्या पत्र्याखाली दुसरं कोणी कार्यक्रम घेत नाही. दहा दिवसांसाठी हॉल मिळाला. यांनी घराच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षं रंगवलेल्या चित्रांपैकी वीस चित्रं भिंतींवर लागली.

ती चित्रं कशाचीच नव्हती. माणूस नाही, झाड नाही, देऊळ नाही. रंगांचे पट्टे, डाग, मध्येच खरवडलेलं. काय आहे म्हणून विचारलं तर हे म्हणायचे, "काय आहे असं नसते त्यात. पाह्यचं फक्त."

उद्घाटनाला मुख्याध्यापक आले, नारळ फुटला, चहा झाला आणि सगळे पांगले. दुसऱ्या दिवशी कुत्रंही फिरकलं नाही. अकरापासून पाचपर्यंत हे खुर्चीवर बसून होते. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. पायरीवर चप्पल वाजली की उठून उभे राहायचे, आणि तो माणूस दाराबाहेरच्या माठातलं पाणी पिऊन निघून जायचा. मी डबा घेऊन गेले होते. त्यांचं ते उठून उभं राहणं मला बघवेना. ज्या मंडपवाल्याच्या घरचे ब्लाउज मी शिवते, त्याच्याकडून संध्याकाळीच मोठा लोखंडी कूलर मागून आणला. लग्नाच्या मांडवात लावतात तो, चाकांच्या स्टँडवरचा. यांच्या जिवाला जरा बरं वाटावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी कूलर सुरू झाला आणि गार हवा दारातून पायऱ्यांपर्यंत गेली. आधी एक कंडक्टर आत आला. मग कारंज्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या दोन बाया आल्या, सकाळची वांगी-मेथी विकून टोपल्या रिकाम्या केलेल्या. मग बसस्टँडच्या बाकावरचे म्हातारे आले. दुपारी दोनला बघते तर हॉलमध्ये बसायला जागा नाही.

आता आमच्याकडची एक रीत आहे. कोणाच्या सावलीत बसलं, कोणाचं पाणी प्यालं, तर माणूस तसाच उठून जात नाही. दोन बरे शब्द बोलतो. तिथे बोलायला समोर होती ती चित्रं, आणि चित्रं काढणारे सर खुर्चीवर. मग काय, प्रत्येक जण उठताना चित्रांबद्दल बरं बोलूनच उठायचा.

"सर, मेहनत बम घेतली तुम्ही," एक म्हातारा म्हणाला. "मले समजत नाई, पण पाह्यतच राहावं वाटते."

टोपलीवाल्या बायांपैकी एक पिवळ्या चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे तं उन्हाळ्यातल्या आमच्या वावरासारखं दिसून राह्यलं," ती म्हणाली. दुसरी तिला म्हणाली, "काही बी बोलतं तू! वावर असतं तं धुरा-बांध नसता का?" दोघी हसल्या आणि आणखी अर्धा तास बसल्या. कंडक्टरने मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, हे सुलटंच टांगलं ना?"

हे हरखून गेले. संध्याकाळी अभिप्रायाची वही घरी आणून मोठ्याने वाचायचे. एकाने लिहिलं होतं, "इथून उठावंसं वाटत नाही." ते वाक्य यांनी मुलींना दोनदा ऐकवलं. मला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत यांच्या लक्षात येईलच, शेंबड्या पोराच्याही येईल. पण माणूस स्वतःच्या चित्रापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत असला की त्याला दुसरं काही दिसत नाही. यांना तर ऊनसुद्धा लागत नसे.

त्यात कूलरच्या बरोबर समोरची भिंत. तिथे एक काळं-तांबडं मोठं चित्र होतं आणि सगळी गर्दी त्याच्यापुढे. हे मला म्हणाले, "पाह्य, लोक तिथंच थांबतात. माह्यं सगळ्यात चांगलं चित्र तेच आहे." मी मान हलवली. सहाव्या दिवशी, बाकीचीही लोकांनी बघावीत म्हणून, यांनी ते काढून दुसऱ्या भिंतीवर नेलं आणि तिथे कोपऱ्यातलं एक राखाडी चित्र लावलं, ज्याच्याकडे तोवर कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. दुपारी गर्दी राखाडी चित्रापुढे. मला वाटलं, आता तरी कळेल. हे माझ्याजवळ आले तेव्हा डोळे भरले होते. म्हणाले, "पाच दिवसांत लोकायची नजर तयार झाली!"

हसावं की रडावं ते मला कळेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लोकांनी यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि कूलरची टाकी तर मीच भरत होते. वाचनालयाच्या मागे हातपंप होता. तिथून दर दोन तासांनी बादल्या वाहून टाकीत ओतायच्या. टाकी कोरडी ठेवली असती तर गर्दी आपोआप गेली असती. पण सातव्या दिवशी पाणी संपत आलं तेव्हा मी हातातली शिलाई सोडून उन्हात धावत गेले. यांचं तोंड पुन्हा पडलेलं बघायची माझी हिंमत नव्हती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नसेल.

नवव्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मला वाचायला दिला. तो शाळेचा राजीनामा होता.

"उद्या प्रदर्शन संपलं का परवा नेऊन देतो," हे म्हणाले. "इतके वर्षं मीच भेत होतो. वाटे, आपल्या गावात कोणाले समजते हे? लोकायले समजते. आता पूर्ण वेळ हेच करायचं."

मोठी मुलगी दहावीत जाणार होती. घर यांच्या पगारावर चाललेलं; माझ्या शिलाईवर फार तर भाजी-मीठ निघायचं. मी म्हणाले, "थोडं थांबा ना." हे म्हणाले, "काऊन थांबू? तू तं सगळं डोळ्यानं पाह्यलं." खरंच होतं, मी सगळं बघितलं होतं. आता बोलले तर माणूस मोडतो, नाही बोलले तर घर मोडतं. इकडे आड, तिकडे विहीर. स्वयंपाक करताना तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा यांनी भाजीत मीठ जास्त झालं का म्हणून विचारलं, कारण माझा चेहरा तसा झाला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉल भरलेला होता. हे दाराजवळ उभे राहून, खिशावर हात ठेवून, राखाडी चित्रापुढच्या गर्दीकडे बघत होते. मी उठले. कूलरचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि स्टँड ढकलायला लागले. जड होता. एक चाक फरशीवर करकरत होतं. म्हाताऱ्यांपैकी एक जण मदतीला आला. "कुठं नेता बाई?" मी म्हणाले, "तिकडे." त्या टोकाला एक लहानसं पांढरट चित्र होतं. त्याच्या समोर नेऊन मी कूलर पुन्हा लावला.

आधी म्हाताऱ्यांनी आपले स्टूल उचलले. मग बाया सरकल्या, टोपल्या पायाने ढकलत. मग बाकीचे. पाच मिनिटांत राखाडी चित्रापुढे कोणी नव्हतं, आणि पांढरट चित्राकडे बघून एक जण मोठ्याने म्हणत होता, "सर, हे तं एकदम जबरदस्त काढलं तुम्ही!"

मी यांच्याकडे बघितलं नाही. बघू शकले नाही. थोड्या वेळाने हे चालत माझ्याजवळ आले.

"पह्यल्या दिवसापासून माहीत होतं तुले?"

"हो," मी म्हणाले.

हे ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर मीही ओरडले असते. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लोकायचं जाऊ दे. तुले चित्रं कसे वाटले?"

त्या वीसही चित्रांच्या खोळी मी स्वतः शिवल्या होत्या, मांजरपाटाच्या. कोणतं किती लांब, किती रुंद, हे मी झोपेतही सांगितलं असतं. दहा दिवस मी बघणाऱ्यांची तोंडं बघितली. कोण कधी आलं, कोण कोणत्या चित्रापुढे थांबलं, सगळं माझ्या लक्षात होतं. पण एखादं चित्र डोळ्यांपुढे आणायला गेले तर मापाशिवाय काही येईना. मला लाज वाटली, आणि घाईघाईने मी सगळ्यात जवळच्या चित्राकडे वळले.

"आता नको पाहू," हे म्हणाले.

संध्याकाळी चित्रं उतरवायची होती. यांनी प्रत्येक चित्रावर भिंतीवर असतानाच खोळ चढवली, नाडी बांधली, आणि मगच ते खाली घेतलं. वीसच्या वीस. मी खिळे गोळा करत होते.

राजीनामा दिला नाही. जूनच्या शेवटी हे शाळेत हजर झाले, मोठीची दहावी पार पडली, घर सुरळीत चाललं. मला जे वाचवायचं होतं ते वाचलं. आमचं भांडणही नाही. हे जेवताना हसतात, मुलींना चिडवतात. रविवारी मागच्या खोलीत रंगवतात, आत कोणी यायचं नाही. चित्र पूर्ण झालं की दार जरासं उघडून मला हाक मारतात.

"चार बाय तीन," हे सांगतात, आणि मी खोळ शिवून देते.