बंद व्हॉल्व्हमधली धार

थेंबकाका हे नाव त्यांना कारखान्यानेच दिलेलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहाआधी उठून गळका नळ आवळून यायचे. साहेबांच्या घरीसुद्धा पहिल्याच भेटीत सरळ न्हाणीघरात शिरले, तेव्हा बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा माणसाची त्या दिवशी पाण्यानेच पाचावर धारण बसवली. ओतकामाच्या शेडमध्ये साच्यांवर पाणी फवारणाऱ्या लाइनवर नवा कंट्रोलर बसवून त्याचा आकडा जुळवायचा होता. पाणी कमी पडलं तर साचा तडकतो. जास्त झालं तर तळाशी डबकं होतं, आणि वितळलेला धातू त्यावर पडला की स्फोट होतो, समोरच्याची धडगत नाही. वर्षभरात काकांच्या हातून दोन चुका झाल्या होत्या. साहेबांनी सकाळीच बजावलं, "काका, तिसरी चूक झाली तर फाटकाचा पास इथे ठेवायचा आणि घरी जायचं. तीनच्या पाळीआधी आकडा जुळू दे."

घरात मिळवणारी माणसं दोनच, काका आणि लेक. लेक याच शेडमध्ये दुसऱ्या पाळीला साच्यांपाशी उभी राहायची.

कंट्रोलरला आधी शून्य शिकवावं लागतं. पाईप भरलेला, व्हॉल्व्ह बंद, पाणी निश्चल. मग बटण दाबून सांगायचं, बाबा रे, याला शून्य म्हण. काकांनी ते केलं. नंतर नळी पिंपात सोडून घड्याळ लावलं. मिनिटाला पिंपात चाळीस लिटर पडले, पडद्यावर मात्र छत्तीस. पुन्हा केलं, पुन्हा छत्तीस. सगळ्या जोडण्या सोडून परत आवळल्या, तरी छत्तीस. दोन वाजून गेले होते. काकांना रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी त्यांनी तो उपाय केला, जो ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. कंट्रोलरमधला गुणक वाढवून छत्तीसचे चाळीस करून टाकले. साहेबांनी पाठ थोपटली. "वा! जमवलंत की!"

काका नळी आवरायला वाकले. व्हॉल्व्ह बंद होता, तरी नळीतून बोटाएवढी धार पडत होती.

परवा तो व्हॉल्व्ह त्यांनीच दुरुस्त केला होता. घरी जायच्या घाईत न तपासताच लिहून दिलं होतं, थेंबही गळत नाही. सकाळच्या शून्यात मिनिटाला चार लिटर पाणी वाहत होतं, आणि कंट्रोलर त्यालाच शून्य समजून बसला होता! वाढवलेल्या गुणकाने चाळीसलाच तेवढा मेळ बसला, पण दुसऱ्या पाळीचे साचे लहान, त्यांना आठ लिटर लागतात. काकांनी तळहातावर गणित मांडलं. आठ मागितले की अकरा जाणार.

व्हॉल्व्ह उघडून नीट करून खरं शून्य घ्यायचं तर सगळ्या शेडचं पाणी तोडायला हवं, म्हणजे पाळीच बंद. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? अकरा लिटरने रोज थोडाच स्फोट होतो? हा विचार आपल्या मनात आला, याचीच त्यांना शिसारी आली.

तेवढ्यात लेक हेल्मेट बांधत आत आली. "जमलं का बाबा? आईने सकाळपासून देव पाण्यात ठेवलेत."

"तू जरा बाहेर थांब," काका म्हणाले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. काका एकही शब्द गाळायला तयार नव्हते. शेवटी साहेबांनी मान खाली घालून हात पुढे केला, आणि काकांनी पास काढून त्या हातावर ठेवला.

पाणी तोडलं. पाळी बुडाली म्हणून माणसं शिव्या घालत फाटकाबाहेर पडली. काका आणि लेक त्यांच्या मागून चालत होते. लेकही धुसफुसत होती.

"कुणाची चूक हो, बाबा? एवढ्या माणसांचा रोज बुडवला. असल्याला हाकलून द्यायला हवं."

"दिलं," काका म्हणाले.