उडीद शेवटी

टेबलावर गोट्या ढकलून भोकांत घालायच्या त्या साहेबी खेळाचे नियम जगात कोणी केले असतील ते असोत. पण तो सगळा खेळ तूरडाळीच्या धंद्यात बसवून दाखवणारा माणूस एकच होऊन गेला आणि तो माझा थोरला साडू होता, हे मी लातूरच्या मोंढ्यात, भर धान्यबाजारात, कुठंही उभा राहून सांगायला तयार आहे. मी तसा कमी बोलणारा. बायकोच्या मते तर मी बोलतच नाही, नुसता खाकरतो. त्यातून साडूंचाच एक नियम होता की रुमालाखाली जे झालं ते रुमालावर आणायचं नाही. तो मी इतकी वर्षं पाळला, आणि त्याच्या ओझ्यानं माझी मान जराशी पुढं झुकली आहे असं मला आरशात वाटतं. आज तो मोडणार आहे. पण लगेच नाही. आधी ढीग फुटू द्या. उडीद शेवटी.

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. गावाला पाणी नव्हतं, पण कलेक्टर होता. पावसानं पाठ फिरवलेली, मोंढ्यात तूर येईना, आणि साडूंच्या दालमिलचं गोदाम इतकं रिकामं की तिथले उंदीरसुद्धा दुसऱ्या तालुक्यात गेले असावेत. असल्या दिवसांत साडू नांदेडला एका लग्नाला गेले आणि येताना ट्रकमध्ये एक अजस्र टेबल घालून आले. नांदेडातला निजामाच्या अमदानीतला कुठलासा क्लब मोडीत निघाला होता, त्याचं ते. लग्नाचा आहेर तसाच पिशवीत परत आला होता; गडबडीत द्यायचा राहून गेला. आक्का, म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी, ट्रककडे बघतच राहिल्या. "हे काय आणलं वो?" "जिल्हा झाला न्हवं का आपला?" साडू म्हणाले. "कलेक्टर आला, एस.पी. आला. मग टेबल नको?" टेबल गोदामात लागलं. वर हिरवंगार कापड. त्या साली अख्ख्या जिल्ह्यात तेवढीच हिरवळ होती. शेजाऱ्याच्या शेळीचा तर तसा समजच झाला. एका सकाळी ती टेबलाच्या मधोमध उभी राहून कापड हुंगताना सापडली. तिला हाकलायला धावलेल्या हमालाला साडूंनी थांबवलं. म्हणाले, "हुंगू दे रे. तिनं कधीचं हिरवं बघितलं न्हाई."

टेबलाबरोबर काठ्या आल्या, गोट्या आल्या, गोट्या मांडायची लाकडी त्रिकोणी चौकट आली. नियमांचं पुस्तक मात्र आलं नाही. क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं ट्रक भरता भरता दखनीत जे सांगितलं तेवढंच साडूंचं शिक्षण. पण त्यांनी त्यावर असा काही संसार उभा केला की बस. गोट्या सुरुवातीला एकत्र रचतात, तो ढीग. पहिला फटका म्हणजे ढीग फोडणं. टेबलाची सहा भोकं म्हणजे पोती. एका गड्याच्या गोट्या सबंध रंगाच्या, ती अख्खी तूर. दुसऱ्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या, ती डाळ. पांढरी गोटी दोघांची मिळून एक. तिला काठीनं मारायचं आणि तिनं जाऊन आपला माल पोत्यात लोटायचा, म्हणून ती दलाल. "दलाल स्वतः पोत्यात गेला की फाऊल," साडू नवख्यांना समजावत, "धंद्यात दलालानं आत पडायचं नसतंय." आणि काळी गोटी म्हणजे उडीद. आपला सगळा माल पोत्यात भरून झाला की मग उडदाला हात घालायचा. तो नीट पडला तर डाव आपला. भलत्या वेळी किंवा भलत्या पोत्यात पडला, तर जिंकत आलेला डावही समोरच्याचा.

आता, उडीद कुठल्या पोत्यात घालणार हे आधी सांगावं लागतं. नांदेडच्या म्हाताऱ्याचे शब्द होते, "बोल के डालना." हे 'बोल के' साडूंना फार लागलं. "बोलून?" ते मला म्हणाले. "साडूबुवा, मोंढ्यात भाव कधी कुणी बोलून सांगितलाय? मग आडत्यात आन् भाजीवालीत फरक काय ऱ्हायला?" त्या काळी आमच्याकडं धान्याचा भाव दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून ठरवत, भोवती उभ्या असलेल्यांना अक्षर कळायचं नाही. साडूंनी तीच रीत टेबलाला लावली. दाराकडच्या पोत्यापासून एक, दोन, तीन असे आकडे. खेळणारा समोरच्याच्या हातावर रुमाल टाकणार, खालून तेवढी बोटं दाबणार, सहा असतील तर आधी पंजा आणि मग एक. मग बाजूला होऊन फटका मारणार. बघणाऱ्यांनी फक्त रुमाल बघायचा. आणि वाद झाला तर ज्याच्या हातावर बोटं दाबली त्याची साक्ष शेवटची. म्हणजे तुम्ही जिंकला की हरला, हे तुमच्या विरुद्ध खेळणाऱ्यानं सांगायचं. मी म्हटलं, "आप्पा, यात तो खोटं बोलला तर?" साडूंनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी तुरीत खडे मिसळायची परवानगी मागितली.

हा नियम सबंध मोंढ्याला पटला आणि बाहेरच्या एकालाही कळला नाही. एकदा बदलून आलेले एक नवे साहेब खेळायला आले. चांगले शहरात शिकलेले, काठी धरायची पद्धतही देखणी. डाव उडदावर आला. साडू रुमाल घेऊन पुढं झाले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, जरा हात आणा इकडं रुमालाखाली." साहेब दचकले. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग आपल्या शिपायाकडं बघितलं, मग शिपायानं तोंड फिरवल्यावर हळूच हात पुढं केला. साडूंनी तीन बोटं दाबली, उडीद तिसऱ्या पोत्यात घातला आणि डाव जिंकला. साहेब मात्र बराच वेळ आपला रिकामा तळहात उघडून बघत होते. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला त्यांची दया आली.

साडू कट्टर शिवभक्त. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. टेबलावर वाकले की ती लोंबायची आणि एखाद्या गोटीला हमखास टेकायची. माझ्याही गळ्यात होती, पण मी आपला शर्टाच्या आत घालून खेळायचो. अंगाचा, कपड्याचा स्पर्श गोटीला झाला तर फाऊल, हा त्यांचाच कायदा. कुणी बोट दाखवलं की साडू सरळ होऊन म्हणत, "मी हात लावला का? न्हाई. त्यानं लावला. त्याला फाऊल द्यायची तुमची टाप हाय का?" कुणाचीच नसायची. काठीच्या टोकाला लावायचा खडू संपला तेव्हा त्यांनी विभूती लावायला सुरुवात केली. चार दिवसांत सगळ्या काठ्या पूजा करून आल्यासारख्या दिसायला लागल्या. आणि नेम चुकला की साडू काठीलाच दटावत, "येवढी विभूती लावून फायदा काय तुझा?"

मी त्या वर्षी धर्माबादहून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून आलो होतो. खोली मिळाली ती गावाच्या टोकाला. नळ होता, पण तो शोभेचा. टँकर यायचा तो दूरच्या चौकात, आणि यायचाच असं नाही. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि ती कमरेवर घागर घेऊन त्या चौकात उभी राहायची. साडूंच्या मिलच्या आवारात मुकादमाच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, आणि तिथल्या बोअरला त्या दुष्काळातही पाणी होतं. अर्धी गल्ली तिथं भरायची. साडू पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "इकडं या राहायला." मी खाकरलो. पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "बघू." आक्का दोनदा येऊन रडून गेल्या. आमची ही रोज घागर उचलून चौकात जात राहिली, ते जास्त जड गेलं. पण मी धाकटा जावई, पगार धाकटा. सासुरवाडीला आमचे पाट शेजारी शेजारी मांडले जायचे तेव्हा कुणाला आधी वाढलं जातं हे मी मोजत बसायचो. साडूच्या दारात बायकोला घेऊन राहायला जायचं म्हणजे मला नदीत उडी टाकणं बरं वाटत होतं. नदीलाही पाणी नव्हतं, तो भाग वेगळा.

साडूंनी मग विषय बंद केला. मला वाटलं, सुटलो. पुढच्या अमावास्येला मोंढा बंद, त्यामुळं सगळे आडते गोदामात जमलेले. साडूंनी सगळ्यांदेखत काठी माझ्या हातात दिली. "साडूबुवा, पैज. हरले तर दर अमावास्येला येऊन टेबल पुसायचं. जिंकले तर त्या दोन खोल्या तुमच्या, जवर खेळ चालू हाय तवर. उपकार न्हाई, पैजेचं घर हाय. काय म्हणता?" मी त्यांच्याशी आजवर एकही डाव जिंकलो नव्हतो. हरायची पक्की खात्री होती म्हणूनच मी हो म्हणालो. हरलो असतो तर खोल्यांचा विषय कायमचा मिटला असता आणि माझी मान ताठ राहिली असती. असला मूर्खपणा पुरुषालाच सुचतो.

डाव माझ्या मनासारखा सुरू झाला, म्हणजे मी वाईट खेळलो. दलाल दोनदा पोत्यात घातला. "कारकून हाय," एक आडत्या म्हणाला, "सगळं पोत्यात जाऊ देतो, फाइल तेवढी जागची हलू देत न्हाई." हशा झाला. साडूंनी आपली सगळी डाळ भरून टाकली. माझी तूर टेबलभर सांडलेली. आता उडीद. नेमक्या त्याच वेळी आक्का आणि आमची ही बोअरवर आल्या होत्या; दोघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हिच्या कमरेवर घागर होती, भरलेली. साडूंनी माझ्या हातावर रुमाल टाकला. खालून बोटं दाबली. एक, दोन, तीन, चार. सावकाश, नीट, जरा जास्तच जोरानं. चार म्हणजे खिडकीजवळचं पोतं. मग ते वाकले, डबी लोंबली, विभूती लावलेली काठी सुटली, आणि उडीद खिडकीजवळच्या पोत्यात असा गेला की जसा काही घरी चालला होता.

गोदाम ओरडलं. साडू सरळ झाले, धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं, आणि म्हणाले, "चुकलं की वो. मी दोन दाबली होती. गेला चारमधी. डाव साडूबुवांचा."

एक आडत्या म्हणाला, "आप्पा, तुम्ही आन् चुकलात?" "मग इचारा ना त्यांना," साडू काठीला विभूती लावत म्हणाले. "साक्ष त्यांची हाय. दोन दाबली का न्हाई, साडूबुवा?"

सगळे माझ्याकडं बघत होते, एकटे साडू सोडून. ते काठीचं टोक असं न्याहाळत होते जसं काही त्यावर पुढचा भाव लिहिलाय. मी दाराकडं बघितलं. हिनं घागर कमरेच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर घेतली.

"हाव," मी म्हणालो. "दोन."

त्या दोन खोल्यांत आमची मुलगी झाली. तिच्या पहिल्या आंघोळीला आक्कांनी बोअरचं पाणी दोन घंगाळं तापवलं होतं. त्या डावाबद्दल साडू माझ्याशी एकांतात कधीही बोलले नाहीत. चारचौघांत मात्र जन्मभर बोलले. "साडूबुवा एकदाच जिंकले," ते कुणालाही सांगत, "तेबी माझ्या चुकीनं." लोक हसायचे. मी खाकरायचो. खोटी साक्ष एकट्यानं दिली तर पाप हलकं तरी करता येतं. दोघांनी मिळून दिली की ते वाटूनही कमी होत नाही. पुढं पाऊस परतला, तुरीची पोती गोदामात आली आणि टेबल त्यांच्याखाली गडप झालं. मला वाटलं, खेळ संपला, आता खोल्या सोडाव्यात. तर अमावास्येला सकाळी साडू आमच्या दारात हजर. रुमाल माझ्या हातावर टाकला, खालून एक बोट दाबलं, आणि "खेळ चालू हाय" म्हणून चहा न घेताच निघून गेले. माझं स्वतःचं घर होईपर्यंत दर अमावास्येला ते असे येत राहिले. एकदा तापात होते, तर रिक्षात बसून आले आणि रिक्षातूनच हात बाहेर काढला.

आता ती मिल नाही. तिथं क्लासच्या पोरांचं वसतिगृह आहे. टेबलाच्या हिरव्या कापडाखालचा दगड तिथल्या मेसमध्ये ओटा झालाय आणि त्यावर चपात्या लाटतात. शेवटी साडूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, एक हात तेवढा हलायचा. एवढा बडबड्या माणूस खाटेवर गप्प पडलेला आणि त्याच्याशी बोलायला मी, सगळ्या खानदानातला मुका. दुपारची वेळ होती. आक्का उशाशी बसल्या होत्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी खिशातला रुमाल काढला, त्यांच्या चांगल्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबली. एक, दोन, तीन, चार. सावकाश, नीट.

साडूंचे डोळे मिटलेलेच होते. मग रुमाल जरासा हलला. माझ्या तळहातावर एक बोट टेकलं. मग दुसरं. मी वाट बघितली. तिसरं आलं नाही. ती दोनच घट्ट धरून ते पडून राहिले.

मोंढ्यातल्या व्यापाऱ्याची बायको, तिला रुमाल कळतो. आक्का म्हणाल्या, "कितीला ठरलं वो?"

"न्हाई ठरलं, आक्का," मी म्हणालो. "आप्पा काही केल्या भाव सोडून नाही राहिले."