बुरुलचं ड्रिल

लेथ तिरपी बसली की जुमाकादिर उस्ताला ते पायाखालच्या थरथरीवरून कळे. कारा-बाल्टा गावच्या पंप कारखान्यात त्यानं अडतीस वर्षं मशीनं पाणसळीत बसवली. उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. माणूस कामाचा पक्का, पण साहेबापुढे तोंड असून मुका.

नवी लेथ आली तेव्हा उद्घाटनाला मेंढा कापला. फोटोत खिडकीतून डोंगर दिसावा म्हणून डायरेक्टर तेमिरोव्हनं आयत्या वेळी ती बसवलेली लेथ पहारींनी चार हात सरकवून घेतली.

"साहेब, पुन्हा लेव्हल करावी लागेल," उस्ता म्हणाला.

"आधी मटण तर खा!"

लेव्हल राहिली ती राहिलीच. महिन्याभरात भोकं तोंडाशी मोठी यायला लागली, ड्रिलं मोडायला लागली. दीडशे शाफ्ट भंगारात गेले आणि खापर फुटलं लेथ चालवणाऱ्या बुरुलवर. विधवा बाई, पदरात दोन पोरी. म्हणे, हिला ड्रिलला धार लावता येत नाही! धार लावायला तिला उस्तानंच शिकवलं होतं.

"उस्ता, तुम्ही तरी बघा हो. मला काढून टाकतील."

उस्तानं शाफ्ट धरून फिरवणाऱ्या चकात मापाचा डायल बांधला आणि टेलस्टॉकभोवती फिरवला. काटा इकडून तिकडे पळाला. लेथ पिळली होती. चक एका रेषेत, ड्रिल धरणारा टेलस्टॉक दुसऱ्या. त्यानं पायांखाली पत्र्याचे तुकडे सारले, बोल्ट आवळले, काटा जागेवर आणला. मग बुरुलचंच जुनं ड्रिल लावलं. भोक अगदी मापात आलं. बुरुल हसता हसता रडली.

"शाब्बास!" तेमिरोव्ह म्हणाला. "आता रिपोर्ट लिहा. कारण, ड्रिलची चुकीची धार."

"पण साहेब, लेथ सरकवली होती..."

"कुणी सरकवली?"

उस्तानं टोपी काढून हातात धरली.

"पेन्शनला किती महिने राहिले?"

"चार."

उस्तानं सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळला गुरूनं.

कामावरून काढलेल्या बुरुलनं त्याला फाटकात गाठलं. "भोक बरोबर आलं ना, उस्ता?"

"आलं, पोरी."

"माझ्याच ड्रिलनं?"

"हो."

"मग सही कशावर केलीत?"

तो खाली मान घालून निघून गेला.

निरोपाच्या दिवशी कारखान्यानं पुन्हा मेंढा कापला आणि त्याला उद्घाटनाचा तो फोटो चौकटीत घालून दिला. डोंगर झकास आला होता. लेथवर हात ठेवून बुरुल हसत होती.

"ही कोण हो?" घरी बायकोनं विचारलं.

"होती एक," उस्ता म्हणाला. "धार लावता येत नव्हती तिला."