दुधाच्या कॅनमधले मासे

आमच्या हेइनालाहती या फिनिश लोकांच्या गावात माणूस गेला की त्याला पुरून आल्यावर त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे आणि कॉफी प्यायची, अशी रीत आहे. अर्विद भावजींच्या वेळी पाद्रीबुवा जे बोलले ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. म्हणून हे लिहिते.

अर्विद कांगास माझे थोरले दीर. अमेरिकेतल्या समुद्राएवढ्या सुपीरियर तळ्यावर जाळी टाकून ट्राउट मासे धरायचे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. माझे यजमान तळ्यात बुडाले, आणि भावजींची बायको रेइनोच्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून भावजी, रेइनो, सासूबाई आणि मी, असं आमचं चौघांचं घर. रेइनोला मीच वाढवलं. तो बापाबरोबर बोटीवर जायचा आणि घरात कमी, बोटीत जास्त बोलायचा.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा वसंत होता. भावजी ओढ्यावरून आले ते हातात सापासारखा एक मासा धरून. त्याला जबडा नाही, नुसतं गोल तोंड, आणि आत दातांची वर्तुळं. मी मागे सरले. सासूबाई मात्र अंथरुणातून उठून बसल्या. त्या वर्षी त्यांच्या तोंडाला कशाचीच चव राहिली नव्हती.

"हा आमच्या नदीतला," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. "कोळशावर भाजायचा, मीठ लावायचं आणि अख्खा खायचा. तुझ्या आजोबांचं घर याच्यावर उभं राहिलं, अर्विद."

"आई, तुम्ही सांगायचात तो वीतभर. हा केवढा आहे बघा."

"अमेरिकेत सगळंच मोठं असतं. बायकासुद्धा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या होत्या, म्हणून मीही हसले.

"आता नको मारू," त्या पुढे म्हणाल्या. "वसंतात तो अंडी घालायला निघालेला असतो. वर जाऊ दे. खायचा तो शरदात."

"वर कसा जाईल? मध्ये लाकूडवाल्यांचा बांध आहे."

"मग उचलून ने. आमच्याकडे बापई माणसं बादल्या भरभरून वर नेऊन सोडायची. जो मासे वर नेतो त्याच्यावर नदी रुसत नाही."

भावजींनी दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅन घेतल्या, बांधाखाली जमलेले ते मासे त्यांत भरले आणि चढ चढून वरच्या पाण्यात सोडले. पुढचे काही दिवस त्यांचं हेच काम. खांद्याची सालं निघाली, पण शीळ घालत घरी यायचे.

शरद आला. सासूबाईंच्या सांगण्यावरून मी आल्डरच्या लाकडाचे कोळसे वेगळे काढून ठेवले होते. भावजी रोज ओढ्यावर जाऊन रिकाम्या हाताने यायचे. नाताळाच्या आधी सासूबाई गेल्या. "तेवढं एक जमलं नाही बघ," भावजी मला म्हणाले.

पुढे काही वर्षांत जाळ्यात जखमी ट्राउट येऊ लागले. कुशीवर गोल, चांदीच्या डॉलरएवढी जखम, मासा आतून रिता झालेला. मग तसेही कमी झाले. आमच्या पुरुषांना एक सवयच जडली: मासा हातात आला की चिरायच्या आधी दोन्ही कुशींवरून अंगठा फिरवायचा. बायका भाकरी वाढायच्या आधी तिच्यावर बोटाने क्रूस काढतात तसं.

मग सरकारच्या मत्स्य-संशोधन केंद्राचे डॉक्टर प्रेंटिस आले. तरुण, लाजाळू माणूस. त्यांनी चर्चच्या दालनात टेबलावर काचेची बरणी ठेवली. आत तोच मासा. हा समुद्रातून आला, बोटींसाठी खणलेल्या कालव्यांतून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात शिरला, ट्राउटला चिकटून रक्त पितो, असं त्यांनी सांगितलं. आम्ही त्याला जळूमासा म्हणू लागलो. याची पिल्लं आधी ओढ्याच्या गाळात वर्षानुवर्षं आंधळ्या गांडुळासारखी राहतात आणि मग तळ्यात उतरतात, हेही त्यांनी सांगितलं.

भावजी घरी येऊन जेवले नाहीत. सकाळी फावडं घेऊन बांधाच्या वर गेले. आले तेव्हा बुटांना गाळ होता.

त्याच महिन्यात त्यांनी केंद्राची नोकरी धरली. ओढ्याच्या मुखाशी सापळा लावला होता, त्यात अडकलेले जळूमासे काढायचे.

"जाळं सोडून सरकारची बादली धरलीत," रेइनो म्हणाला. "आता टोपीपण देतील, बिल्ला लावलेली."

"देतील तर घालीन. ट्राउट परत येईपर्यंत तू हेरिंग मासे धरून भागव. बोट विकू नको."

भावजींना आयुष्यात एवढं एकच उरलं होतं. रेइनो तळ्यावर राहावा. गावातली एकेक बोट किनाऱ्यावर उलटी पडत होती, पोरं डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यांत जात होती. आमची बोट पाण्यात होती.

मग औषध निघालं. ओढ्यात ठिबकत ठेवायचं, की गाळातली पिल्लं मरतात आणि बाकीचे मासे बहुतेक वाचतात. आमच्या ओढ्याची पाळी आली. प्रेंटिस म्हणाले, बांधाखालून सुरुवात करू, वर काही नसणार. एवढा बांध चढणं जळूमाशाच्या बापाला जमायचं नाही.

त्यानंतर कित्येक रविवार भावजी प्रभुभोजनाला उठले नाहीत. बाकावरच बसून राहायचे. शेवटी मी विचारलं.

"वेदीपाशी जायच्या आधी भावाशी मिटव, असं लिहिलंय ना, साइमा?" ते म्हणाले. "मुलाबद्दल काय लिहिलंय?"

"मुलाबद्दल वेगळं काय लिहितील," मी म्हणाले.

औषध सोडायच्या आदल्या दिवशी प्रेंटिस आमच्याकडे कॉफीला आले. रेइनोही होता. औषधाची पिंपं वाहायच्या रोजंदारीवर तो लागला होता. मी वेलचीचा पाव कापत होते.

"पिंपं वर न्यावी लागतील," भावजी म्हणाले. "बांधाच्या वर. गाळ भरलाय पिल्लांनी."

प्रेंटिस हसले. "कसं शक्य आहे? पंख फुटले का त्यांना?"

"मी नेले. दुधाच्या कॅनमधून."

भावजींनी मग सगळं सांगितलं, कोळशांसकट. बोलताना ते प्रेंटिसकडे बघत होते, पण सांगत होते रेइनोला.

"मिस्टर कांगास," प्रेंटिस हळू म्हणाले, "या तळ्याला शेकडो ओढे येऊन मिळतात. तुम्ही नसतं केलं तरी हेच झालं असतं."

"झालं असतं. पण या ओढ्यात मी केलं."

रेइनोने बशीतली कॉफी संपवली. "आजीला शेवटी एक तरी मिळाला का खायला?"

"नाही."

तो उठला, टोपी घातली आणि पिंपं वर न्यायला निघून गेला.

औषध सोडल्यावर गाळ जिवंत झाल्यासारखा वळवळू लागला. बोटाएवढी, डोळे नसलेली पिल्लं वर येऊन वाहू लागली. भावजी पाण्यात गुडघाभर उभे राहून ती गोळा करत होते, त्याच कॅनमध्ये. नंतर त्यांनी ती बर्चच्या झाडाखाली पुरली. रेइनो बांधावर बसून सगळं बघत होता, पण खाली उतरला नाही.

त्या हिवाळ्याआधी त्याने बोट विकली. डेट्रॉइटला निघताना दारात म्हणाला, "बाबा, त्या गोष्टीसाठी जात नाहीये मी. हेरिंगवर घर चालत नाही."

"माहीत आहे मला," भावजी म्हणाले.

दोघं खरं बोलत होते का, ते देवाला ठाऊक. पुढच्या रविवारी भावजी प्रभुभोजनाला उठले. मला बरं वाटलं.

ट्राउट परतले, पण फार सावकाश. केंद्राने ट्राउटची पिल्लं आणून सोडली, वर्षं गेली, आणि एकदा शेजारच्या बोटीवाल्याने एक चांगला भरलेला मासा दारात आणून दिला. भावजी तेव्हा काठीवर चालायचे. त्यांनी दोन्ही कुशींवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मी तो धुरी देऊन वाढला, तर ताट सरकवून म्हणाले, "राहू दे. रेइनो आला की."

रेइनो नाताळाला पैसे पाठवायचा. यायचा नाही.

आला तो भावजींच्या मातीला. कॉफीबरोबर मी ट्राउटच वाढायचं ठरवलं होतं. सगळे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. फळीवर एक कच्चा मासा उरला होता. त्याने तो उचलला आणि अंगठा आपोआप कुशीवरून फिरला. इतकी वर्षं मोटारी जोडूनही.

"साफ आहे," तो म्हणाला.

"आताशा बरेचसे साफ असतात."

"बाबांनी खाल्ला का कधी, काकू?"

मी सांगितलं त्याला, ते काय म्हणाले होते ते. मग त्याने सुरी मागितली. मी दिली, आणि चुलीसाठी लाकूड आणायचं निमित्त काढून बाहेरच्या खोलीत गेले.