कुत्र्यासकट खोली मिळेल का?

आम्ही जुने कुत्रेवाले भेटलो की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. बरं, निम्मे किस्से कुत्र्यांचे नसतातच, घरमालकांचे असतात!

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. लष्करात कुत्री शिकवून रिटायर झालेले आमचे सुभेदारसाहेब नगरला अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करायचे. मी कर्जतचा, बबन राजूरचा. आम्ही दोघं त्यांचे शागीर्द. साहेबांचा नियम एकच. "पिल्लू वर्षभर तुमच्याच खोलीत राहील. घर म्हणजे काय हे ज्याला कळलं नाही, ते अंध माणसाला घरी कसं आणेल?"

नियम झकास होता. पण खोली कोण देणार?

*

एका मालकांनी दारातच विचारलं, "जात?"

मी माझी सांगितली.

"तुमची नाही हो, कुत्र्याची!"

"अल्सेशियन."

"म्हणजे मांसाहारी!" त्यांनी दार लावून घेतलं.

*

बबनला खोली मिळाली, पण कुत्रा मागच्या गोठ्यात ठेवायचा, ही अट. आठ दिवसांनी मालक बघायला आले, तर खोलीला कुलूप आणि बबन गोठ्यात स्टोव्हवर भात शिजवतोय. शेजारी कुत्रा.

"अरे, तुला खोली दिलीय ना?"

"व्हय. पर तुमच्या आदी मी ह्याला शबूद दिल्ता. ह्यो जितं, तितं मी!"

मालकांनी त्याच दिवशी दोघांनाही खोलीत घेतलं. असा आमचा बबन!

*

एकदा साहेब स्वतः कोटावर पदकं लावून आमच्यासाठी रदबदली करायला आले. मालक उठून उभेच राहिले. "साहेब, तुम्ही कायमचे राहा. फक्त कुत्रं नको."

साहेबांनी एक पदक काढून खिशात घातलं. "मग हेही आत आणत नाही. हे ज्याच्यामुळे मिळालं, तो कुत्राच होता."

खोली काही मिळाली नाही. पण परतताना आम्ही दोघं छाती काढून चाललो होतो.

*

शेवटी भिंगारमधल्या एका काकूंनी मला ठेवून घेतलं. "एक जरी तक्रार आली, तर खोली खाली!"

माझी राणी महिनोन्महिने भुंकली नाही. तक्रार आली ती होळीला, आणि खुद्द काकूंची! "माझ्या हातची पुरणपोळी हुंगलीसुद्धा नाही तुझ्या राणीनं!"

"काकू, परक्या हातचं खायचं नाही, हेच तिला शिकवलंय. रस्त्यात कुणी तुकडा दाखवला आणि ती तिकडे वळली, तर मागचा अंध माणूस पडेल."

"परका हात? माझा?" काकू कडाडल्या. "ती शिकून जाईपर्यंत राहा. तोवर तिनं माझ्या हातचं खाल्लं नाही, तर तूही चालता हो!"

मी नुसतं 'खा' म्हटलं असतं, तर राणीनं खाल्लं असतं. मी म्हटलं नाही. काकूंनी दूधभात झाला, तूपपोळी झाली, सगळं करून पाहिलं. राणी मान फिरवायची.

कोल्हारचे अंध गुरुजी तिला न्यायला आले, त्या दिवशी मी वळकटी बांधूनच ठेवली होती. दोघं गल्लीतून निघाले, तोच काकू गरम पुरणपोळी घेऊन आडव्या आल्या. पोळी थेट राणीच्या नाकासमोर!

राणीनं काकूंना वळसा घालून गुरुजींना अलगद पुढे नेलं.

काकू पोळी हातात धरून तशाच उभ्या. मग डोळ्यांना पदर लावून शेजारणीला ओरडून सांगायला लागल्या, "अहो, आताही नाही खाल्लं हो माझ्या हातचं पोरीनं!"

माझ्या वळकटीकडे लक्ष गेलं, तशा माझ्यावर खेकसल्या, "सोड ती! पुढचं पिल्लू कधी आणतोस? आणि ही पोळी तू तरी खा, मेल्या!"